वनविनाश आणि उत्तर कोकणातील ग्रामजीवन : सामाजिक व आर्थिक परिणामांचा ऐतिहासिक अभ्यास (इ.स. १८४७ ते १९४७)

सारांश :
एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातील जंगलांची मोठ्या प्रमाणावर तोड झाली. जहाजबांधणी, रेल्वे, वाढते मुंबई शहर आणि लागवडीचा विस्तार ही या तोडीची प्रमुख कारणे होत. तोडीनंतर उरलेली वने वाचविण्याच्या नावाने शासनाने ती राखीव केली. त्यामुळे ग्रामीण समाजाला दुहेरी हानी सोसावी लागली. आधी वृक्ष गेले आणि मग उरलेल्या वृक्षांवरील हक्क गेले. प्रस्तुत शोधनिबंधात तत्कालीन ठाणे व कुलाबा जिल्ह्यांच्या संदर्भात या प्रक्रियेचे शेती, उपजीविका, आहार, कर्जबाजारीपणा व सामाजिक संघर्ष यांवर झालेले परिणाम अभ्यासण्यात आले आहेत.

बीजसंज्ञा : वनविनाश, राखीव वने, राब, वरकस, कातकरी, वारली, लग्नगडी, जंगल सत्याग्रह

प्रस्तावना :

भारतीय ग्रामजीवनाचा इतिहास लिहिताना जमीन, महसूल आणि सावकारी यांचा विचार विस्ताराने केला जातो. मात्र गावाच्या शिवेला लागून असलेल्या रानाचा विचार बहुधा स्वतंत्रपणे, वनखात्याचा इतिहास म्हणून होतो. वस्तुतः शेत आणि रान या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. नांगराचे लाकूड, घराचे वासे, चुलीचे सरपण, गुरांचा चारा, शेताचे खत, टंचाईच्या दिवसांतील कंदमुळे आणि आजारपणातील औषध हे सर्व रानातून येत असे. रान हे गावाचे दुसरे कोठार होते. हे कोठार रिकामे झाल्यावर, आणि पुढे त्याला कुलूप लागल्यावर, गावाचे काय झाले हा या निबंधाचा मूळ प्रश्न आहे.

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी उत्तर कोकण, म्हणजे तत्कालीन ठाणे जिल्हा (आजचे ठाणे व पालघर जिल्हे) आणि कुलाबा जिल्हा (आजचा रायगड) यांची निवड करण्यात आली आहे. या निवडीस दोन कारणे आहेत. एक म्हणजे मुंबईसारखी वेगाने वाढणारी बाजारपेठ आणि वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, कुणबी यांची वनावलंबी वस्ती या प्रदेशात शेजारी शेजारी होती. दुसरे असे की, वनधोरणाविरुद्धचा असंतोष येथे इतका वाढला की १८८५ मध्ये शासनाला त्याच्या चौकशीसाठी स्वतंत्र आयोग नेमावा लागला. कालखंडाचा आरंभ १८४७ हा धरला आहे, कारण त्या वर्षी मुंबई इलाख्यात पहिल्या वनसंरक्षकाची नेमणूक झाली. अखेर स्वातंत्र्यप्राप्तीच्या वर्षी केली आहे.

उद्दिष्टे :

१) उत्तर कोकणातील वनतोडीची कारणे तपासणे.
२) वनकायद्यांमुळे ग्रामस्थांच्या परंपरागत हक्कांत झालेले बदल स्पष्ट करणे.
३) वनविनाश व वनबंदी यांचे शेती, उपजीविका व समाजरचना यांवरील परिणाम अभ्यासणे.
४) ग्रामीण समाजाने केलेल्या प्रतिकाराचे स्वरूप समजून घेणे.

वनतोडीची कारणे :

मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने १७३६ पासून जहाजबांधणीचा व्यवसाय नावारूपाला आणला. इंग्लंडमध्ये ओक लाकडाची टंचाई भासू लागल्यावर सागवानी जहाजांना विशेष महत्त्व आले. मुंबईत १८१७ मध्ये बांधलेली त्रिंकोमाली ही युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही जतन केलेली आहे. यावरून सागाच्या टिकाऊपणाची कल्पना येते. या गोदीला प्रामुख्याने मलबारचे लाकूड लागत असे. तेथील वनांच्या व्यवस्थेसाठी १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन यांची नेमणूक झाली होती. लाकडावरील सरकारी मक्तेदारीविषयी तक्रारी वाढल्याने ती १८२३ मध्ये रद्द करावी लागली. पुढे साग मिळविण्यासाठी उत्तरेकडील रानांकडेही लक्ष वळले. १८४२ नंतर डांगमधील भिल्ल राजांकडून तेथील जंगले भाडेपट्ट्याने घेण्यात आली, ती याच गरजेतून.

जहाजांपेक्षा रेल्वेची भूक मोठी ठरली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. १८६३ मध्ये बोरघाटातील व १८६५ मध्ये थळघाटातील मार्ग पूर्ण झाला. पश्चिम किनाऱ्याने वसई, पालघर, डहाणू असा जाणारा दुसरा मार्ग १८६४ मध्ये मुंबईस पोहोचला. एका मैलाच्या लोहमार्गाला साधारणतः १,८०० ते २,००० लाकडी स्लीपर लागत. प्रक्रिया न करता रुळांखाली टिकतील अशी लाकडे मोजकीच, म्हणजे साग, साल आणि देवदार. तीही दहा-पंधरा वर्षांत बदलावी लागत. काही स्लीपर परदेशातून आणले गेले असले, तरी देशातील जंगलांवरचा ताण त्याने हटला नाही. भारतातील लोहमार्गाची लांबी १८६० मध्ये १,३४९ किलोमीटर होती. ती १९१० पर्यंत ५१,६५८ किलोमीटर झाली. या दोन आकड्यांच्या मध्ये किती रान उभे कापले गेले असेल, याचा अंदाज बांधता येतो. शिवाय रेल्वेने रानाचे बाजारापासूनचे अंतर मिटवले. पूर्वी खाडीच्या बंदरापर्यंत गाडीवाटेने पोहोचेल तेवढेच लाकूड विकले जाई. आता आतल्या डोंगरातील लाकडालाही गिऱ्हाईक मिळाले.

तिसरे कारण म्हणजे खुद्द मुंबई शहर. १८६४ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ नोंदली गेली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आलेला तो काळ होता. एवढ्या वस्तीला घरांसाठी इमारती लाकूड, चुलींसाठी सरपण व कोळसा आणि घोड्यागुरांसाठी गवत हवे होते. ठाणे जिल्हा हा या सर्वांचा जवळचा पुरवठादार होता.

चौथे कारण महसुली धोरणात होते. पडीक जमीन लागवडीखाली आणणे ही ब्रिटिश महसूलव्यवस्थेच्या दृष्टीने प्रगतीची खूण होती. माळ आणि विरळ रान मोडून तेथे शेती झाली की सारा वाढत असे. अशा रीतीने एकाच सरकारचे एक खाते रान मोडण्यास उत्तेजन देत होते आणि दुसरे खाते रान कमी झाल्याची तक्रार करीत होते.

वनकायदे आणि हक्कांचे स्वरूप :

१८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. ते मूळचे वैद्यकीय सेवेतील होते आणि दापोडी येथील सरकारी वनस्पती उद्यानाचा कारभार पाहत होते. डोंगर उघडे पडल्याने ओढे आटतात व नदीमुखे गाळाने भरतात, हे त्यांनी कोकणच्या निरीक्षणावरून सरकारच्या नजरेस आणले. हे निरीक्षण मोलाचे होते. परंतु उपाय सुचविताना फिरती शेती करणाऱ्यांवर निर्बंध घालण्याकडे त्यांचा व त्यांच्या नंतरच्या अधिकाऱ्यांचा कल राहिला. डोंगर उघडे करणाऱ्या लाकूडव्यापाऱ्याच्या आणि सरकारी मागणीच्या तुलनेत कुऱ्हाड हाती धरलेला कुणबी किंवा कातकरी अधिक ठळक दिसत होता. वनविनाशाचा दोष वनवासीयांवर ठेवण्याची प्रथा येथून रूढ झाली.

१८६४ मध्ये डिट्रिच ब्रँडिस यांची भारताचे वनमहानिरीक्षक म्हणून नेमणूक झाली आणि १८६५ मध्ये पहिला वनकायदा आला. या कायद्याने वृक्षाच्छादित जमीन सरकारी वन म्हणून जाहीर करण्याचा अधिकार मिळाला. तरीही लोकांच्या विद्यमान हक्कांना बाध येऊ नये, अशी तरतूद त्यात होती. वनखात्याला हीच तरतूद अडचणीची वाटली. १८७८ च्या कायद्याने ती अडचण दूर केली. वनांचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन प्रकार करण्यात आले. राखीव वन जाहीर करण्यापूर्वी जाहीरनामा काढून किमान तीन महिन्यांच्या मुदतीत हक्कदारांनी आपले दावे वनजमाबंदी अधिकाऱ्यापुढे मांडावेत, असे ठरले. ज्या समाजाचे सर्व व्यवहार तोंडी आणि पूर्वापार रूढीने चालत होते, त्याला हक्क सिद्ध करण्यासाठी तीन महिन्यांची मुदत म्हणजे हक्क नाकारण्याचीच रीत होती. वेळेत दावा न केलेला हक्क संपुष्टात आला. जे मान्य झाले, त्यांपैकी अनेकांना ‘सवलत’ असे नाव मिळाले. हक्क मागता येतो, सवलत मात्र देणाऱ्याच्या मर्जीवर असते. शब्दातील हा बदल पुढील सर्व संघर्षाच्या मुळाशी आहे.

कायद्याच्या मसुद्यावर पुणे सार्वजनिक सभेने हरकत घेतली होती. लोकांना वनांतून दूर सारण्याऐवजी त्यांना विश्वासात घेऊन वनरक्षणात सहभागी केले तर हेतू अधिक चांगला साधेल, असा सभेच्या म्हणण्याचा आशय होता. तो त्या वेळी मानला गेला नाही. ग्रामवनांची तरतूद कायद्यात राहिली, परंतु व्यवहारात ती जवळजवळ वापरलीच गेली नाही.

राब आणि भातशेती :

वनबंदीचा सर्वांत थेट आघात उत्तर कोकणच्या भातशेतीवर झाला. तो समजण्यासाठी राबाची पद्धत लक्षात घेणे आवश्यक आहे. या भागात पाऊस मुसळधार असतो, पण तो चारच महिने. भाताची रोपे लवकर व जोमाने वाढली नाहीत, तर लावणी लांबते आणि पीक हातचे जाते. यासाठी शेतकरी उन्हाळ्यात रोपवाटिकेची जागा भाजतो. जमिनीवर शेणाचा थर, त्यावर झाडांच्या फांद्यांचा टहाळ, त्यावर पालापाचोळा व गवत आणि वर मातीचा पातळ थर देऊन तो मंदपणे जाळला जातो. याने तणाचे बी मरते, राख मिळते आणि माती भुसभुशीत होते. पहिल्या पावसाला या जागी भात पेरला की लावणीसाठी दाट, निरोगी रोपे तयार होतात.

या पद्धतीसाठी दरवर्षी टहाळ हवा. ऐनाच्या झाडाचा टहाळ त्यासाठी विशेष पसंत केला जाई. झाड मुळापासून तोडले जात नसे, केवळ त्याच्या फांद्या छाटल्या जात. भातखाचराला जोडून असलेली वरकस जमीन व लगतचे रान यांतून हा टहाळ येई. म्हणजे एका एकर खाचराच्या पाठीशी काही एकर रान उभे असे. वनखात्याच्या नजरेला मात्र छाटलेले, खुंटलेले झाड दिसत होते. त्यापासून सरळ ओंडका मिळणार नव्हता. त्यामुळे राब ही अडाणी व नाशकारक रूढी ठरली आणि टहाळ तोडण्यावर बंधने आली. साग व शिसव यांसारख्या मौल्यवान वृक्षांवर तर शेतकऱ्याच्या बांधावरही सरकारने आपला हक्क राखून ठेवला.

येथे दोन ज्ञानपद्धतींचा संघर्ष होता. वनखात्याच्या हिशेबात झाडाचे मोल त्याच्या खोडात होते, तर शेतकऱ्याच्या हिशेबात ते त्याच्या पानात होते. खोड एकदाच मिळते, पान दरवर्षी मिळते. राबाशिवाय भात पिकविण्याचा कोणताही परवडणारा पर्याय शासनाने शेतकऱ्याला दिला नाही. शेवटी राब पूर्णतः बंद करणे अशक्य असल्याचे मान्य करून नियमांच्या चौकटीत टहाळ तोडण्यास मुभा द्यावी लागली. तथापि ही मुभा पाळण्याचे काम वनरक्षकाच्या हाती गेले. कोणत्या झाडाची, किती उंचीपर्यंतची, केव्हा फांदी तोडावी याविषयीचे नियम जितके बारीक, तितकी त्यांच्या उल्लंघनाची शक्यता अधिक. दंड टाळण्यासाठी द्यावी लागणारी कोंबडी, धान्य, पैसा किंवा फुकट श्रम हा शेतीचा एक अलिखित खर्च होऊन बसला.

डोंगरउतारावर नाचणी व वरी पिकविणाऱ्या कातकरी-ठाकुरांच्या फिरत्या शेतीची गत याहून कठीण झाली. दळी या नावाने ओळखली जाणारी ही शेती ठरावीक पट्ट्यांपुरती बांधून टाकण्यात आली. काही ठिकाणी वनखात्याने एकसाली पट्टे दिले. फिरती शेती टिकते ती जमिनीला पुरेशी विश्रांती मिळते म्हणून. क्षेत्र आखडल्यावर तोच तुकडा पुन्हा पुन्हा कसावा लागला, माती धुपली आणि उत्पन्न घटले. हा दोष पुन्हा पद्धतीचा मानला गेला.

कात, कोळसा आणि कातकरी :

वनविनाश व वनबंदी यांनी एखाद्या समाजाची ओळखच कशी पुसली जाते, याचे ठळक उदाहरण कातकरी समाजाचे आहे. या जमातीचे नावच कात करण्याच्या व्यवसायावरून पडले आहे. खैराच्या गाभ्याच्या लाकडाच्या ढलप्या काढून मातीच्या भांड्यांत उकळायच्या, तो रस आटवून घट्ट करायचा आणि त्याच्या वड्या पाडायच्या, अशी ही कृती. पावसाळा संपल्यावर कुटुंबेच्या कुटुंबे रानात मुक्काम करून कात पाडीत. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये या व्यवसायाचे वर्णन आले आहे. पानाबरोबर खाण्यासाठी, औषधासाठी व रंगासाठी काताला कायम मागणी होती. या व्यवसायात कच्चा माल, कौशल्य व तयार वस्तू तिन्ही कातकऱ्यांची होती.

खैराची रानेच राखीव झाल्यावर हा व्यवसाय मोडला. कातकरी मग ठेकेदारांच्या कोळसाभट्ट्यांवर मजुरी करू लागले. लाकूड ठेकेदाराचे, परवाना ठेकेदाराचा, बाजार मुंबईचा आणि कातकऱ्याचे फक्त श्रम, असा हा बदल होता. पावसाळ्यात खायला धान्य नसे, म्हणून हंगामाआधीच उचल घेतली जाई. ती फेडण्यासाठी हंगामभर भट्टीवर राबावे लागे आणि हिशेब ठेकेदाराच्या वहीत असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोळसाभट्ट्या कमी झाल्या, तेव्हा वीटभट्ट्यांनी त्यांची जागा घेतली. उचल देऊन श्रम बांधून घेण्याची रीत मात्र तीच राहिली. शासनाने ज्यांना पुढे ‘आदिम जमात’ म्हणून विशेष गटात घातले, त्या समाजाचे दारिद्र्य आदिम नव्हते. त्याला ऐतिहासिक कारणे होती.

मोह, सरपण आणि शेण :

आदिवासींच्या आहारात मोहाच्या फुलांना महत्त्वाचे स्थान होते. उन्हाळ्यात वेचून वाळविलेली फुले धान्य संपल्यावर उपयोगी पडत. त्यांपासून गाळलेली दारू सण, लग्न व देवकार्यात आवश्यक असे. मुंबई अबकारी कायदा १८७८ मध्ये, म्हणजे वनकायद्याच्याच वर्षी, आला. घरगुती दारू बेकायदेशीर ठरून मक्तेदारांच्या दुकानांतून ती विकत घेणे भाग पडले. घरगुती गाळप थांबेना, म्हणून १८९२ मध्ये मोहाच्या फुलांच्या साठ्यावर व वाहतुकीवर ठाणे-कुलाबा भागासाठी निर्बंध घालणारा स्वतंत्र कायदा करण्यात आला. परिणामी वेचलेले अन्न घरात ठेवणेही संशयास्पद ठरले. दारूचे दुकान चालविणारा आणि कर्ज देणारा अनेकदा एकच असे. त्यामुळे रानातून फुकट मिळणारी वस्तू कर्जाचे कारण बनली.

सरपणाच्या टंचाईचा परिणाम याहून व्यापक होता आणि तो केवळ वनवासी समाजापुरता राहिला नाही. लाकूड मिळेनासे झाले की शेणाच्या गोवऱ्या जळू लागतात आणि शेण जळले की शेताचे खत जाते. ब्रिटिश सरकारने १८८९ मध्ये पाठविलेले कृषिरसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात हे नाते स्पष्टपणे मांडले. भारतीय शेतकरी अज्ञानामुळे शेण जाळत नाही, तर लाकडाच्या अभावी जाळतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. सरपण व चारा यांसाठी गावाजवळ स्वतंत्र राखीव क्षेत्रे निर्माण करावीत, असा आग्रह त्यांनी धरला. १८९४ च्या वनधोरणात शेतीच्या गरजांना तत्त्वतः महत्त्व देण्यात आले, परंतु प्रत्यक्षात महसूल देणाऱ्या इमारती लाकडाचेच पारडे जड राहिले.

चराईचीही हीच कथा आहे. राखीव क्षेत्रात गुरे शिरली की ती कोंडवाड्यात जात आणि दंड भरून सोडवावी लागत. गुरे कमी झाली तर शेण कमी आणि शेण कमी झाले तर राबही निकृष्ट, अशी ही साखळी होती. या साखळीचा सर्वाधिक भार स्त्रियांवर पडला. सरपण, पाणी आणि रानभाजी आणण्याचे काम त्यांचे. रान दूर गेले तसे त्यांच्या पायाखालचे अंतर वाढले. घरापुरती आणायची काटकी पुढे बाजारात विकायची मोळी झाली आणि ती आणताना वनरक्षकाची भीती कायमची मागे लागली.

कर्जबाजारीपणा आणि वेठ :

वरील सर्व हानीचे पर्यवसान कर्जात झाले. पूर्वी धान्य संपल्यावर पावसाळ्याचे दिवस कंदमुळे, मोह, मासे व शिकार यांवर काढता येत. हा आधार तुटल्यावर सावकाराकडून खावटी, म्हणजे खाण्यासाठी धान्याची उसनवारी, घेणे अपरिहार्य झाले. सुगीला ती वाढीव मापाने परत करावी लागे. फेड न झाल्यास जमीन जाई. डहाणू, उंबरगाव, पालघर या तालुक्यांत वारल्यांच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर बिगर आदिवासी जमीनदार व सावकार यांच्याकडे गेल्या. मुंबईच्या बाजारात गवताला भाव असल्याने अनेक जमीनदारांनी माळ गवतासाठी राखले. वारली त्याच माळावर गवत कापणारा मजूर झाला.

याची सर्वांत दारुण परिणती म्हणजे ‘लग्नगडी’ची प्रथा. लग्नाच्या खर्चासाठी जमीनदाराकडून अल्प रक्कम घेतलेला वारली तरुण त्या बदल्यात त्याचा गडी होई आणि बहुधा त्याची बायकोही त्याच घरी राबे. रक्कम कधी फिटली हे ठरविण्याचा अधिकार मालकाचा होता. १९३८ मध्ये डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातील आदिवासींच्या स्थितीविषयी तयार केलेल्या अहवालात जमीनदार, सावकार व वनठेकेदार यांच्याकडून होणाऱ्या पिळवणुकीची नोंद केली आहे. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात या जीवनाचे प्रत्यक्षदर्शी चित्रण आहे.

वेठबिगार ही केवळ जमीनदारांच्या क्रौर्यातून निर्माण झाली, असे मानणे अपुरे होय. माणसाला नाही म्हणण्याची ताकद त्याच्या पर्यायी उपजीविकेतून मिळते. जोवर रान मोकळे होते, तोवर जमीनदाराचे काम नाकारून काही काळ जगता येत होते. रान गेल्यावर आणि बंद झाल्यावर ती ताकद गेली.

प्रतिकार :

ग्रामीण समाजाने हे सर्व निमूटपणे सोसले नाही. १८८० च्या दशकात ठाणे जिल्ह्यातील जमीनधारकांनी व सुशिक्षितांनी ठाणे फॉरेस्ट असोसिएशन स्थापून अर्ज-विनंत्यांचा मार्ग धरला. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ मधील ग्रंथात वनखात्याने डोंगर, माळ व गायराने ताब्यात घेतल्यामुळे शेतकऱ्याच्या गुरांना चरायला जागा उरली नाही, यावर कठोर टीका केली. वनप्रश्न हा शेतीप्रश्न आहे, हे ओळखणाऱ्या आरंभीच्या विचारवंतांत त्यांची गणना करावी लागेल. या असंतोषाच्या पार्श्वभूमीवर १८८५ मध्ये नेमलेल्या मुंबई वन आयोगाचा अहवाल १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. राब, वरकस, चराई व झाडांवरील मालकी यांविषयीच्या साक्षी त्यात आहेत. आयोगामुळे काही जाच कमी झाला. मात्र सवलतींचे पुन्हा हक्कांत रूपांतर झाले नाही.

पुढे १९३० च्या सविनय कायदेभंगात हा जुना असंतोष राष्ट्रीय चळवळीला येऊन मिळाला. महाराष्ट्रात मिठाचा सत्याग्रह किनाऱ्यापुरता मर्यादित राहणार होता. अंतर्भागातील जनतेला जवळचा वाटणारा अन्यायी कायदा वनकायदा होता. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे राखीव रानातील गवत कापून सत्याग्रह केला. बिळाशी, बागलाण, संगमनेर, अकोले आदी ठिकाणी त्याचे लोण पोहोचले. कुलाबा जिल्ह्यात उरणजवळील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी पोलिसांनी गोळीबार केला. तेथील आठ हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी यांचे नाव आहे. आगरी, कोळी, कातकरी असे निरनिराळे समाज या सत्याग्रहात एकत्र आले, कारण रान सर्वांचे गेले होते.

१९४५ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा सुरू झाला. टिटवाळा येथील जानेवारी १९४५ च्या परिषदेनंतर शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने तो डहाणू-उंबरगाव भागात पसरला. वेठ व लग्नगडी प्रथा बंद पाडणे ही त्याची पहिली कामगिरी. ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मिळावी, ही त्यानंतरची मागणी. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. १९४६ मध्ये जंगलतोडीच्या कामावरील मजुरांनी सव्वा रुपया रोजासाठी संप केला. येथे एक बदल लक्षणीय आहे. १८८५ मधील मागणी रानावरील हक्काची होती, तर १९४६ मधील मागणी रान तोडण्याच्या मजुरीची होती. साठ वर्षांत वनाचा वाटेकरी वनाचा मजूर झाला होता, याचा याहून स्पष्ट पुरावा देता येणार नाही.

स्वातंत्र्योत्तर वाटचाल :

स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या राष्ट्रीय वनधोरणाने एकूण भूमीच्या एक तृतीयांश क्षेत्रावर वने असावीत हे उद्दिष्ट ठेवले. परंतु १९२७ च्या वनकायद्याची चौकट कायम राहिली. महाराष्ट्र खासगी वने संपादन अधिनियम, १९७५ मुळे ठाणे-रायगडमधील अनेक लहान खातेदारांच्या वरकस जमिनी वन म्हणून शासनजमा झाल्या आणि वरकसचा जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासी व इतर पारंपरिक वननिवासी यांच्यावर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याचे प्रथमच विधिमंडळीय भाषेत मान्य केले. त्यानुसार गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. पुणे सार्वजनिक सभेने १८७८ मध्ये सुचविलेल्या मार्गाकडे कायदा वळण्यास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

निष्कर्ष :

१) उत्तर कोकणातील वनतोडीस जहाजबांधणी, रेल्वे, मुंबईची बाजारपेठ आणि महसुली धोरण ही बाह्य कारणे प्रामुख्याने जबाबदार होती. स्थानिक शेतीपद्धतीवर ठेवलेला दोष अतिरंजित होता.

२) वनविनाश आणि वनबंदी या परस्परविरोधी वाटणाऱ्या घटनांची किंमत एकाच वर्गाने मोजली. तोडीचा नफा त्याला मिळाला नाही आणि रक्षणाचा जाच मात्र त्याच्या वाट्याला आला.

३) परिणाम केवळ लाकडाच्या टंचाईपुरते नव्हते. टहाळ व राब, खैर व कात, मोह व अन्न, चारा व शेण ही शेत आणि रान यांना जोडणारी नाती तुटली. ग्रामीण अर्थव्यवस्था कमकुवत झाली ती या सांध्यांवर.

४) पर्यायी उपजीविका नष्ट झाल्याने कर्ज, भूमिहीनता व वेठबिगार यांना बळ मिळाले. आदिवासींचे दारिद्र्य हे मागासलेपणाचे लक्षण नसून विशिष्ट धोरणांचे फलित आहे.

५) १८८५ ते १९४६ या काळातील प्रतिकाराचे बदलते स्वरूप हक्कदाराचे मजुरात झालेले रूपांतर दर्शविते.

वनसंवर्धनाची आजची गरज निर्विवाद आहे. तथापि जे गाव रानाच्या पानावर जगते, त्याला रानाबाहेर उभे करून रान राखता येत नाही, हे उत्तर कोकणच्या शंभर वर्षांच्या इतिहासाने दाखवून दिले आहे. वनक्षेत्राची मोजणी करताना त्या क्षेत्रावर कोणाचा हक्क आहे, याचीही मोजणी होणे आवश्यक आहे.